राणीच्या बागेतले शहर : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची वाटचाल

मुंबईच्या या सर्वांत जुन्या संग्रहालयाचे मूळ एका विलायती मागणीत आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरचा माल मांडला गेला. मग पॅरिस मागे कसे राहणार? १८५५ साली त्यांनीही मोठे प्रदर्शन भरवले. मुंबई इलाख्यात काय पिकते, काय विणले जाते, काय घडवले जाते, त्याचे नमुने पाठवा असे फर्मान निघाले आणि कारकून मंडळी कामाला लागली. नमुने गोळा करताना प्रत्येकाचा आणखी एक नग मुंबईत ठेवून घेण्याची कल्पना पुढे आली. त्या दुसऱ्या नगांतून ‘गव्हर्नमेंट सेंट्रल म्युझियम’ उभे राहिले. गव्हर्नर होते लॉर्ड एल्फिन्स्टन.

त्यामागचा हेतू पुढच्या सगळ्या इतिहासावर सावली धरून आहे. इतिहास जपावा, कला दाखवावी असा काही उदात्त विचार त्यात फारसा नव्हता. परदेशी व्यापाऱ्याने यावे, कापसाचा, धान्याचा, लाकडाचा, चंदनी पेटीचा नमुना हातात घेऊन पाहावा आणि हा माल कुठे, कसा मिळेल ते विचारावे, एवढाच हिशेब होता. इलाख्याच्या दुकानाची ही दर्शनी फळी होती म्हणा ना. ज्या संग्रहालयाला आज आपण शहराच्या वारशाचे घर म्हणतो, ते मुळात बाजारपेठेचे अपत्य आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मुंबई तरी दुसऱ्या कशातून झाली?

पहिला मुक्काम कोटातल्या टाउन बॅरक्समध्ये पडला. व्यवस्था पाहायला डॉ. जॉर्ज बुइस्ट. हे गृहस्थ ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक, भूगर्भशास्त्रापासून हवामानापर्यंत सगळ्यात लक्ष घालणारे. संग्रहालय मांडून होते न होते तोच १८५७ उजाडले. उत्तरेत शिपाई उठले आणि मुंबईच्या लष्कराला एकदम जागेची निकड भासली. बॅरक्स मुळात सैन्याच्याच. त्यांनी त्या परत मागितल्या आणि संग्रहालयाला घाईघाईने बाहेर काढले. त्या हलवाहलवीत कितीतरी वस्तू फुटल्या, कितीतरी गहाळ झाल्या. जे उरले ते टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज आपण एशियाटिक म्हणतो त्या इमारतीत, नेऊन ठेवले. संस्थेच्या आयुष्यातला हा पहिला संसार जवळजवळ मोडल्यातच जमा होता.

तो पुन्हा लावला डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी. बर्डवुड १८३२ साली बेळगावात जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतींचे वेड असलेले. १८५८ मध्ये त्यांच्याकडे संग्रहालय आले आणि त्यांनी फुटक्यातुटक्या नमुन्यांची नीट यादी करायला घेतली. हिंदी कारागिरांच्या हातावर या माणसाचे मनापासून प्रेम होते. १८८० साली त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. पण याच बर्डवुड यांनी १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये बुद्धाच्या एका मूर्तीची टवाळी केली आणि हिंदुस्थानात ललितकला नाहीच असे ठासून सांगितले, म्हणून तिकडे मोठे वादळ उठले. विणकाम थोर, तांब्याची घडण थोर, पण मूर्तिकार मात्र कलावंत नाही! ही वर्गवारी संग्रहालयाच्या कपाटांतही उतरली. वस्तू जपली गेली, ती करणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे असे कुणाला वाटले नाही.

नोव्हेंबर १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपून राणीचे सुरू झाल्याचा जाहीरनामा वाचला गेला. राजनिष्ठा दाखवायची म्हणजे काहीतरी उभारले पाहिजे. मुंबईतल्या पुढाऱ्यांनी नुसता पुतळा किंवा कमान न मागता बाग आणि संग्रहालय मागितले. अग्रभागी होते जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. नानांचा हात लागला नाही असे त्या काळच्या मुंबईतले सार्वजनिक काम शोधूनच काढावे लागेल. चिटणीसपदी एकीकडे बर्डवुड, दुसरीकडे डॉ. भाऊ दाजी.

भाऊंविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आज इमारतीवर नाव त्यांचे आहे आणि आत येणाऱ्या बहुतेकांना ते कोण हे ठाऊक नसते. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पूर्ण नाव, पेडण्याजवळच्या मांद्र्याचा जन्म. आईवडील मातीच्या बाहुल्यांचा धंदा करणारे. घरची गरिबी; पण पोरगा बुद्धिबळात असा तरबेज, की एका इंग्रजाच्या नजरेत भरला आणि त्याने वडिलांना मुलाला इंग्रजी शिकवायला भाग पाडले, असे चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, मग ग्रँट मेडिकल कॉलेजची १८५१ सालची पहिली तुकडी. काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला तरुणपणीच बक्षीस मिळाले होते. दवाखान्यात गरिबांना फुकट औषध, कुष्ठरोगावर देशी औषधीचे प्रयोग, १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे चिटणीसपद, मुलींच्या शाळा, विष्णुदास भाव्यांच्या नाटकमंडळीला मुंबईत आधार. एका माणसाच्या दिवसात हे सगळे बसत कसे असेल, कोण जाणे. आणि हे सारे करून रात्री ताम्रपट, नाणी, शिलालेख. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना त्यांनी मुंबईत आणले आणि देशभर लेखांचे ठसे घ्यायला पाठवले. तेच भगवानलाल पुढे सोपाऱ्याचा स्तूप उकरून मोठे झाले. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा भाऊंना मुंबईची शेरीफकी मिळाली. ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

डॉक्टरचा हात, संशोधकाची नजर आणि गोळा करण्याची सवय, या तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या म्हणून वर्गणी गोळा करण्याच्या कामालाही त्यांनी तोंड दिले. वर्गणी मागणे हे संशोधनाहून कठीण काम आहे, हे मंडळांची पावतीपुस्तके घेऊन फिरलेल्या कोणालाही सांगायला नको.

याच सुमारास गोविंद नारायण माडगावकर नावाचे शिक्षक मुंबईच्या गल्ल्याबाजार पायाखाली घालत होते. कुठल्या पेठेत काय मिळते, कोणत्या जातीचा माणूस कोणता धंदा करतो, देवळे किती, तलाव किती, असे सगळे टिपून त्यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले. शहराचा मराठीतला पहिला इतिहास हाच. संग्रहालयाच्या समितीने वस्तू गोळा केल्या, गोविंद नारायणांनी दुकाने, माणसे आणि भाव शब्दांत गोळा केले. माझ्या मते संग्रहालयाचे पहिले खरे सूचिपत्र तेच पुस्तक आहे, जरी समितीचा आणि गोविंद नारायणांचा एकमेकांशी कारभाराचा संबंध काही नव्हता.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. जागा माझगावच्या माउंट इस्टेटची, भोवती व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली भायखळ्याची राणीची बाग. मुहूर्त तसा उत्तम होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरात पैशाचा पूर. बँका निघाल्या, भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या, बॅकबेचा शेअर चढत चढत आभाळाला भिडला. अशा वेळी संग्रहालयाला हजार-पाच हजारांचे आकडे घालायला शेटमंडळींना कितीसे जड जाणार? आकडे पडले.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्याचे हिशेब चुकते करायच्या दिवशी, मुंबईचा बाजार बसला. ज्यांच्या जोरावर इमारत चढत होती त्यांतले कित्येक पेढीवाले दिवाळखोरीच्या कोर्टात उभे राहिले. कबूल केलेली वर्गणी कुठून यायची? काम थांबले. अर्धवट भिंती बागेत तशाच उभ्या. त्याच वर्षी, जुलै संपताना, नाना शंकरशेटही गेले. शेवटी उरलेला खर्च सरकारने अंगावर घेतला आणि १८७१ मध्ये इमारत पुरी झाली. २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी उघडली. व्यापाऱ्यांच्या पैशाने सुरू झालेली आणि व्यापाऱ्यांच्याच सट्ट्याने रखडलेली ही इमारत मुंबईच्या स्वभावाला अगदी साजेशी आहे.

नाव ठेवले व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. लंडनच्या त्याच नावाच्या संग्रहालयाची ही नक्कल, असे लोक सहज म्हणून जातात. लंडनचे ते तेव्हा साउथ केन्सिंग्टन म्युझियम होते. त्याला व्हिक्टोरिया आणि आल्बर्टचे नाव मिळाले १८९९ साली. आपण त्यांच्या कितीतरी आधी.

इमारत बाहेरून शांत, प्रमाणबद्ध, इटालियन पल्लाडियन वळणाची. आत पाऊल टाकले की मात्र डोळे विस्फारतात. ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, भोवताली फिरणारा सज्जा, कठडे, छतावर आणि भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी, जमिनीवर मिंटनच्या रंगीत फरशा, सगळ्यावर फिकट हिरव्या रंगाचा थंडावा. मधोमध प्रिन्स आल्बर्टचा संगमरवरी पुतळा, शिल्पकार मॅथ्यू नोबल, देणगी डेव्हिड ससून यांची. बगदादहून निघालेल्या ज्यू व्यापाऱ्याने मुंबईत पैसा केला आणि जर्मन घराण्यातल्या इंग्रज राजपुत्राचा पुतळा करवून त्यावर हिब्रूतही मजकूर कोरवला. भायखळ्याच्या बागेत हे सगळे नांदते. बागेच्या दाराशी असलेला घड्याळाचा मनोराही ससून यांच्याच देणगीतला.

संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती सर्वांच्या परिचयाचा, कारण पोराटोरांना त्याच्यापुढे उभे करून फोटो काढण्याची रीत जुनी आहे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके गळून पडले, पुढे धडही ढासळले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले. पन्नास वर्षे ते तसेच पडून होते. १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून त्याला पुन्हा उभे केले. क्रेन मजबूत असती तर आज तो टेम्स नदीच्या काठी कुठेतरी पाऊस झेलत असता.

मागच्या अंगणातल्या राणीच्या पुतळ्याची गोष्ट याहून रंगतदार. हाही नोबलचाच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, कोटाच्या मैदानाजवळ, वर नक्षीदार छत्री धरून बसवलेला. १८९६ साली एका रात्री कोणीतरी त्या शुभ्र संगमरवरावर डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पोलिसांना पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाला, दामोदर चापेकर पकडले गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या हकीकतीतून हे काम चापेकर बंधूंचे होते ते उघड झाले. डाग मात्र निघेना. संगमरवराच्या पोटात मुरलेले डांबर कसे काढावे, हा प्रश्न त्रिभुवनदास गज्जर या सुरतेच्या रसायनशास्त्रज्ञाने सोडवला, आणि त्यामुळे त्यांचे नाव घरोघरी झाले. राणीला काळे फासणारे आपले आणि तो काळिमा धुऊन काढणारेही आपलेच! १९६५ मध्ये शहरातले इंग्रजी पुतळे चौकांतून उठले. ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा बागेत आला आणि मोडतोड झालेली राणीही छत्रीविना इथे येऊन बसली. तिच्यापुढे उभे राहून वाद घालणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की या पुतळ्यावर निव्वळ इंग्रजांचा इतिहास नाही, चापेकरांचाही आहे.

आता कपाटांकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी संग्रहालयाची रया जायला लागली होती. नमुन्यांच्या बरण्या जुन्या झाल्या, व्यापारी माहितीसाठी आता दुसरी साधने आली, आणि हे मांडून ठेवायचे कशासाठी असा प्रश्न पडू लागला. १९०३ साली सेसिल बर्न्स अभिरक्षक झाले. ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य. दोन्ही कामे त्यांनी १९१८ पर्यंत सांभाळली. स्कूलमध्ये १८९१ पासून लॉर्ड रे यांच्या नावाच्या कार्यशाळा चालत होत्या. तिथे लाकडावर कोरणारे, तांबे ठोकणारे, गालिचे विणणारे हात तयार होत होते. बर्न्स यांनी हे हात संग्रहालयासाठी वापरले. वस्तू नाही तर ती करणारा माणूस दाखवायचा असे त्यांनी ठरवले आणि मातीच्या लहान लहान प्रतिकृतींचे कामच इथे सुरू झाले. त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न यांनी ते चालू ठेवले.

संग्रहालयाचा जीव खरा या प्रतिकृतींत आहे. चाकावर बसलेला कुंभार, मागावरचा विणकर, भात्याशी लोहार, वितीएवढ्या जागेत मांडलेले खेडे, नावा, घरे, पारशांच्या दख्म्याची प्रतिकृती, जिच्याशिवाय परधर्मीयाला त्या वास्तूचे आतले रूप कधी दिसले नसते. निरनिराळ्या जातिजमातींच्या पगड्या-पागोट्यांसह घडवलेले चेहरे तर पाहत राहावे असे आहेत. तेव्हाच्या मुंबईत पागोटे पाहूनच माणसाचा गाव, जात आणि धंदा ओळखत. हे डोके भाटियाचे, ते बोहऱ्याचे, ते पारशाचे, आणि गिऱ्हाईक कोणत्या गल्लीतून आले ते दुकानदाराला तोंड उघडण्याआधी कळायचे. हे चेहरे मानववंशशास्त्राच्या थंड नजरेतून केले गेले, हे खरे. साहेबाला माणसांचेही नमुनेच हवे होते. पण घडवणारी बोटे इथली होती. नाकाचा फुगीरपणा, डोळ्याखालची सुरकुती, कमरेचा बाक यांत त्यांनी असे काही घातले आहे जे मागणीपत्रात नव्हते. फलकावर मात्र स्कूलचे नाव येते, घडवणाऱ्याचे क्वचितच. ज्याच्या नावाने आज हे संग्रहालय ओळखले जाते त्याचे आईबाप मातीच्या बाहुल्या करून विकत होते, हे लक्षात ठेवून या कपाटांपुढे उभे राहावे.

बाकीच्या वस्तूंतही बाजाराचा वास आहे. सुरतेहून मुंबईला आलेल्या कारागिरांच्या चंदन आणि हस्तिदंताच्या बारीक नक्षीच्या पेट्या जगात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विकल्या गेल्या. कच्छचे चांदीकाम, बिदरची काळी-पांढरी भांडी, कोकणातले शिंगकाम, लाखकाम. यातली पुष्कळशी कामे विलायती गिऱ्हाइकाच्या आवडीने बदलत गेली. शुद्ध परंपरा शोधणाऱ्यांना ते खटकते. मला उलट वाटते. काळबादेवी, पायधुणी, झवेरी बाजार इथल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचे मन ओळखून मालात केलेला बदल हीच मुंबईची परंपरा. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उघडले तेव्हा त्याच्या दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंगने शेतकरी आणि हमाल कोरले, ते जे. जे.मध्येच शिकवत. मार्केट आणि म्युझियम, दोन्ही एकाच दशकातली, एकाच विचाराची भावंडे.

१९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडले आणि मानाचे पान तिकडे गेले. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे चटकन सांगून संपवण्याजोगी आहेत. पालिकेचा कारभार, अपुरा पैसा, गळणारे छत, वाळवी, फिक्या पडलेल्या भिंती. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. संशोधक फिरकेनासे झाले त्या काळातही इथली गर्दी आटली नाही. लालबाग, परळ, माझगाव, डोंगरी इथली कुटुंबे सुटीच्या दिवशी राणीच्या बागेत यायची, हत्ती-वाघ बघून झाले की उन्हाच्या तिरिपीतून इथल्या सावलीत शिरायची. गिरणीतल्या जॉबरने आपल्या पोराला मातीचा विणकर दाखवला असेल, त्याची नोंद कोणत्या अहवालात सापडायची? शहरातल्या कामकरी माणसांनी हे संग्रहालय त्याच्या पडत्या काळात वापरात ठेवले, हे माझ्या दृष्टीने संस्थेच्या इतिहासातले मोठे देणे आहे.

१९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. व्हिक्टोरिया-आल्बर्टची पाटी गेली, आल्बर्ट आत आहेत तिथेच राहिले. हे मला योग्य वाटते. पुतळा हलवायचा तर ससूनची देणगीही हलवावी लागेल आणि मग कोणाकोणाला हलवत बसणार?

फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि जीर्णोद्धाराला हात लागला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी. संग्रहालयाची बाजू तस्नीम झकारिया मेहता यांनी लावून धरली. रंगाचे थर खरवडत जुना रंग शोधायचा, सोनेरी वर्ख जिथे उडाला तिथे त्याच पद्धतीने पुन्हा चढवायचा, फरशा, काच, सागवानी कपाटे जिथल्या तिथे दुरुस्त करायची. हे काम यंत्राने होत नाही. त्यासाठी पुन्हा कारागीरच बसवावे लागले. बर्न्स यांच्या काळी होते तसेच. २००५ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाला सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. तुटपुंज्या खर्चात भिंतींना ऑइलपेंट फासून ‘नूतनीकरण’ उरकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही इमारत एकदा पाहून जावी. आणि बुधवार सोडून जावे, कारण त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

त्यानंतर एक नवी पद्धत पडली. आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून जुन्या कपाटांशी बोलायला सांगायचे. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शने इथे झाली. जुन्या वस्तूंमध्ये नवे काम ठेवले की पाहणारा गोंधळतो, हे कोणत्या सालचे म्हणून दोनदा वाचतो. जुन्या वस्तूंकडे त्याने दुसऱ्यांदा पाहिले, हाच फायदा. वरच्या मजल्यावर कमलनयन बजाज मुंबई दालनात नकाशे आणि प्रतिकृतींतून शहराची घडण मांडली आहे: बेटे, भराव, गोदी, वस्ती. २०१४ साली नव्या दालनाच्या आराखड्यासाठी अमेरिकेचे स्टीव्हन हॉल यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून निवड झाली. २ मे २०२२ रोजी संग्रहालयाला दीडशे वर्षे पूर्ण झाली.

माझी तक्रार असलीच तर ती संग्रहालयाच्या कायमच्या मांडणीने निवडलेल्या काळाविषयी आहे. तिचा मुख्य भर एकोणिसाव्या शतकावर आणि विसाव्याच्या आरंभावर. त्यानंतरही मुंबईत दुकाने होती, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत मिटत चालली आहेत. काळबादेवीचे ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ गेले. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये गेले, फोर्टचे ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ मध्ये. १९०४ पासून चालत आलेल्या ‘कयानी’सारखी थोडी इराणी दुकाने तग धरून आहेत, पण धोबीतलाव ते भायखळा अशी फेरी मारली तर बंद फळ्या अधिक दिसतील. दुकान बंद झाले की वृत्तपत्रात हळहळ छापून येते, शेवटच्या दिवशी गर्दी होते, आणि मग फर्निचर भंगारात, पाटी कोणाच्या तरी दिवाणखान्यात.

१८५५ साली सरकारी कारकुनांनी इलाख्यातल्या मालाचा दुसरा नग बाजूला काढून ठेवला. त्यांचा हेतू व्यापारी होता तरी त्या सवयीमुळे आपल्याला आज काहीतरी पाहायला मिळते. तोच व्यवहार पुन्हा सुरू करायला कोणी अडवलेले नाही. इराण्याच्या भिंतीवरचा सूचनांचा फलक, बेल्जियमचा आरसा, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. गिरगावातल्या वाण्याची उधारीची वही. लालबागच्या चिवडा गल्लीतली पितळी मापे. झवेऱ्याचा काटा आणि गुंजा. गिरणी सुटल्यावर पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या पठाणाचे खाते. शिंप्याने गिऱ्हाइकांची मापे लिहून ठेवलेली डायरी, जिच्यात एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या कमरा नोंदलेल्या असतात. यातल्या कशालाही लिलावात मोठी किंमत येणार नाही, म्हणून कोणी ते विकायलाही नेत नाही, आणि म्हणूनच ते नष्ट होते.

आणि घेताना दुकानदाराचे नाव, नोकराचे नाव, पाटी रंगवणाऱ्या पेंटरचे नाव फलकावर लिहावे. पेंटर पाटीच्या कोपऱ्यात स्वतःची सही बारीक अक्षरांत टाकतोच. ती पुसू नये एवढेच पाहायचे.